लेहमनच्या वर्षात घेतलेली पॉलिसी: जिनिंगच्या मुनिमाचा अभिप्राय

गेल्या रविवारी भाचा जळगावहून आला. एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. हातात गुळगुळीत कागदाची रंगीत पुस्तिका. म्हणाला, "मामा, सही करून टाकली, आता तुम्ही जरा बघा." आधी सही आणि मग मामा, ही आमच्या घराण्याची जुनीच रीत. मी काही बोललो नाही. माळ्यावरची लोखंडी पेटी खाली काढली आणि माझी स्वतःची पुस्तिका त्याच्यापुढं ठेवली. तिचा रंग उडालाय, एका कोपऱ्याला कसरीनं खाल्लंय, पण आतले आकडे शाबूत आहेत. तिचाच हा अभिप्राय. उशिरा लिहितोय, पण असल्या मालाची पारख तीन दिवसांत होत नाही.

माल: युनिट लिंक्ड विमा पॉलिसी, म्हणजे हप्त्यातला थोडा पैसा विम्याला आणि बाकीचा शेअर बाजारात, त्याची युनिट मोजून मिळतात आणि त्यांचा दर बाजाराबरोबर वरखाली होतो. वार्षिक हप्ता 50,000 रुपये, विमा 5 लाखांचा, सही 8 जानेवारी 2008 ची. कंपनी खासगी. तिचं नाव लिहून फार उपयोग नाही, त्या वर्षी सगळ्यांचं तेल एकाच घाण्यातलं होतं.

मी धरणगावला एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, एकतीस वर्षं मुनीम होतो. गाडी काट्यावर घ्यायची, ओलावा बघायचा, हमाली-तोलाई वजा करून पट्टी करायची, शेतकऱ्याच्या हातात रक्कम टेकवायची. म्हणजे वजावट हा माझा पोटापाण्याचा विषय. पट्टीवर दोन किलोची जादा कटती लागली तर समोरचा शेतकरी चप्पल हातात घेतो, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं. आणि तरी स्वतःच्या पट्टीतली कटती मी वाचली नाही.

विकायला आलेला पोरगा जळगावचा, मोटारसायकलवर यायचा, मला काका म्हणायचा. जानेवारीचे दिवस, भरताच्या वांग्यांचा हंगाम. घरी कळण्याची भाकरी आणि भरीत खाऊन झाल्यावर त्यानं पुस्तिका उघडली. छापील तक्त्यात परताव्याचे 6 टक्के आणि 10 टक्के असे दोन रकाने होते. त्यानं ते तळहातानं झाकले म्हणा ना, आणि मागच्या कोऱ्या पानावर पेनानं 25 टक्के लिहिलं. "काका, मागच्या चार वर्षांत याच्यापेक्षा जास्त झालंय. तीन वर्षं भरा आणि विसरून जा." ते पेनानं लिहिलेलं पान अजून आहे. खाली त्याची सही नाही, हे मला पुढं दहा महिन्यांनी दिसलं.

सही केली आणि दोनच दिवसांनी, 10 जानेवारीला, सेन्सेक्सनं 21,206 ला हात लावला. त्या दिवशी मी घरात पेढे आणले होते. 21 तारखेला तो एका दिवसात 1,408 अंकांनी आपटला. पेढ्यांचा खोका तोवर पुरता संपलाही नव्हता.

सप्टेंबरचं तर चांगलंच लक्षात आहे. 14 तारखेला, रविवारी, अनंत चतुर्दशी. आम्ही गणपती बुडवून रात्री उशिरा घरी आलो. दुसऱ्या दिवशी सोमवारी न्यूयॉर्कमध्ये लेहमन ब्रदर्स या बड्या गुंतवणूक बँकेनं दिवाळखोरीचा अर्ज केला. कागदावर मालमत्ता 639 अब्ज डॉलर, देणी 613 अब्ज. अमेरिकेत तोवर इतकं मोठं दिवाळं निघालं नव्हतं. माणसं 25 हजारांच्या आसपास. पवईतही त्यांचं मोठं ऑफिस होतं, ते पुढं जपानच्या नोमुरानं घेतलं. जिनिंगच्या ऑफिसात टीव्हीवर लोक खोकी घेऊन इमारतीबाहेर पडताना दिसत होते. आमचा हमाल म्हणाला, "नाना, यांचं खळं झालं वाटतं." आम्ही हसलो. माझे 50 हजार त्या खोक्यात आहेत असं मला कोणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं. आणि नव्हतेच ते तिथं. मला तसं सांगण्यात आलं, ती गोष्ट वेगळी.

मध्येच एक सांगतो, कारण कापूसवाल्याला हे ठाऊक असायला हवं. हे लेहमन मुळात आपल्याच धंद्यातले. जर्मनीतल्या बव्हेरियातून तीन भाऊ अमेरिकेत गेले आणि अलाबामातल्या मॉन्टगोमेरीला त्यांनी दुकान टाकलं. 'लेहमन ब्रदर्स' हे नाव 1850 पासूनचं. शेतकऱ्याकडं रोकड नसली की ते मालाच्या बदल्यात कापूस घ्यायचे. हळूहळू दुकान मागं पडलं आणि कापसाची दलाली पुढं आली. पुढं 1870 मध्ये न्यूयॉर्कचा कापूस बाजार उभा राहिला, त्यातही त्यांचा हात होता. त्याआधी 1861 ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस मँचेस्टरला जायचा बंद झाला, आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. 1865 ला लढाई थांबली, भाव कोसळला, त्या पैशावर चढलेला मुंबईचा शेअर बाजार भुईसपाट झाला, आणि बँक ऑफ बॉम्बे गुंडाळावी लागली. तेव्हा अमेरिकेत काही झालं की आपल्या काळ्या मातीला ठसका लागतो, हे काही 2008 चं नवल नाही.

त्या साली दिवाळीत लक्ष्मीपूजन होतं 28 ऑक्टोबरला. आदल्या दिवशी सेन्सेक्स 7,697 पर्यंत खाली गेला होता. मी वहीपूजनाची तयारी करत होतो, आणि तेवढ्यातच टपालानं कंपनीचं स्टेटमेंट आलं. स्टेटमेंट मात्र नेहमी वेळेवर यायचं, ते त्यांच्या बाजूला लिहून ठेवतो. युनिट 1,500. दर 8 रुपये 40 पैसे. किंमत 12,600 रुपये.

पन्नास हजारांचे बारा हजार सहाशे, दहा महिन्यांत!

पोराला फोन लावला. "काका, अमेरिकेत लेहमन बुडाली, तिथं आम्ही तरी काय करणार? साऱ्या जगाचंच झालंय." मी तेच घरात सांगितलं. आमची ही चुलीजवळ करंज्या तळत होती. मान वर न करता म्हणाली, "आमेरिकानी बँक बुडनी, तं आपला पैसा कसाले बुडना?"

या प्रश्नाचं उत्तर मला त्या दिवशी देता आलं नाही. पुढं वर्तमानपत्रं वाचून, वह्या मांडून जमलं, ते असं.

लेहमनचा धंदा उसनवारीवर चालायचा. स्वतःच्या एका डॉलरमागं साधारण तीस डॉलर लोकांचे. त्यातले बरेच एका रात्रीच्या बोलीवर उचललेले, रोज संध्याकाळी फिरवायचे. घेतलेला माल म्हणजे अमेरिकेतल्या घरकर्जांचे कागद. तीस पट उसनवारी असली की मालाचा भाव शेकडा तीन-चारने उतरला तरी स्वतःचं भांडवल साफ. आपल्याकडं कापूस साठवणारा व्यापारी असा कर्जावर कर्ज काढून गाठी रचतो, तेव्हा मार्चमध्ये काय होतं ते सगळ्यांनी पाहिलंय. लेहमन बुडाली तशी बाकीच्यांनी एकमेकांना पैसे देणं थांबवलं. 'सुरक्षित' म्हणून विकलेल्या रिझर्व्ह प्रायमरी नावाच्या फंडाकडं लेहमनचे 78.5 कोटी डॉलरचे कागद निघाले आणि त्याच्या एका डॉलरचे 97 सेंट झाले. तीन सेंटांचीच तूट, पण सारी अमेरिका पैसे काढायला धावली. एआयजी ही विमा कंपनी सरकारला 85 अब्ज डॉलर देऊन वाचवावी लागली. तिकडच्या मोठ्या गुंतवणूकदारांना घरची आग विझवायला रोकड हवी होती, म्हणून त्यांनी आपल्याकडचे शेअर मिळेल त्या भावात विकले आणि डॉलर घेऊन गेले. वर्षाच्या सुरुवातीला 39 च्या आसपास असलेला डॉलर 50 रुपयांवर गेला. आपल्या बँकांकडं लेहमनचा माल फारसा नव्हता, तरी रिझर्व्ह बँकेला, बँकांनी तिच्याकडं ठेवायचा रोख राखीव निधी 9 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आणावा लागला, तेव्हा कुठं बाजारात पैसा खेळता राहिला.

आणि कापूस? त्याचं कोणी टीव्हीवर दाखवलं नाही. त्या हंगामात सरकारनं लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 2,030 वरून 3,000 रुपये केला होता. इकडं हमीभाव चढला आणि तिकडं जगात भाव कोसळले, कारण परदेशी बँका एकमेकींच्या हमीपत्रावर विश्वास ठेवेनात आणि गिऱ्हाईक माल उचलेना. खासगी व्यापाऱ्यानं हात आखडले. सगळा कापूस सीसीआय (केंद्र सरकारचं कापूस महामंडळ) आणि पणन महासंघाच्या केंद्रांवर. आमच्या जिनिंगबाहेर ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग, माणसं रात्री गाडीखाली गोधडी घेऊन झोपलेली. मालकाचा स्वतःचा सौदा बंद, आम्ही नुसते सरकारी गाठी बांधून देत होतो. त्या डिसेंबरात मालकानं बोनस अर्धा केला. तेव्हा लेहमननं माझं खरोखर काय नेलं असं कोणी विचारलं, तर मी तो अर्धा बोनस सांगेन. पॉलिसीचं गणित निराळं आहे.

जिनिंगच्या भाषेत सांगतो. एक क्विंटल कापूस रेच्यात, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रात, घातला की 34 किलोच्या आसपास रुई, 64 किलो सरकी, आणि दीड-दोन किलो घट. घट म्हणजे कचरा, धूळ, उडालेला धागा. पाच किलो घट निघाली तर मालक मुनिमाला उभं करतो. माझ्या पॉलिसीत पहिल्या हप्त्याच्या 50,000 पैकी 15,000 'वाटप शुल्क' म्हणून रेच्यात जाण्याआधीच गेले होते. शंभराला तीस घट! उरलेल्या 35,000 ची 20 रुपये दरानं 1,750 युनिट. त्यातली दर महिन्याला थोडी थोडी युनिट विम्याचा खर्च आणि हिशेब ठेवण्याचा खर्च म्हणून रद्द होत होती. दिवाळीपर्यंत 250 अशीच गेली. स्टेटमेंटवर 1,500 का, हे मी विचारलंच नाही. दर कोसळलेला एवढा डोळ्यात भरला की आकडा कमी झालेला दिसलाच नाही. पोरगा लेहमन म्हणाला, मीही लेहमन म्हणालो.

जानेवारी 2009 मध्ये दुसऱ्या हप्त्याची वेळ आली. पोरगा तोवर नोकरी सोडून गेला होता. कंपनीच्या फोनवर एक बाई म्हणाल्या, नाही भरला तर पॉलिसी लॅप्स, आणि तीन वर्षं होईपर्यंत हातात काही नाही. घरात तीन दिवस भांडण. शेवटी भरला, अक्षरशः नाक मुठीत धरून. या वेळी कटती 7,500. उरलेले 42,500, दर 9 रुपये 50 पैसे, युनिट 4,473. तिसरा हप्ता जानेवारी 2010, पुन्हा कटती 7,500, दर 17 रुपये, युनिट 2,500. तीन वर्षं पुरी झाल्यावर 2011 च्या जानेवारीत मी ते सगळं मोडलं. विम्याच्या खर्चात 873 युनिट गेली होती, उरली 7,850. दर 18 रुपये. हातात 1,41,300.

दीड लाख भरले, आठ हजार सातशे कमी मिळाले. गावात बऱ्याच जणांचं याहून वाईट झालं, म्हणून मी काही दिवस खूशच होतो. मग एका रात्री सवयीनं पट्टी मांडली. कटती एक पैसा नसती तर? तेच तीन हप्ते, तेच दर. पहिल्याची 2,500 युनिट, दुसऱ्याची 5,263, तिसऱ्याची 2,941. एकूण 10,704. गुणिले 18, म्हणजे 1,92,672 रुपये. लेहमन बुडून, बाजार निम्म्याहून खाली जाऊन, सगळं होऊनही मला बेचाळीस हजारांचा नफा होता. उलट नफा झाला तोच मुळी त्या पडझडीमुळं. साडेनऊ रुपयांनी घेतलेल्या युनिटांची किंमत दोन वर्षांत ऐंशी हजार झाली होती. लेहमननं नेलेलं बाजारानं परत आणून दिलं, 2010 च्या दिवाळीत सेन्सेक्स पुन्हा 21 हजारांवर बंद झाला होता. कटती मात्र कुठल्या दिवाळीला परत आली नाही. ती नेणारा न्यूयॉर्कला नव्हता, आमच्या ओट्यावर भरीत खाऊन गेला होता.

हिला दाखवलं. ती म्हणाली, "मी तवयच इचारं व्हतं."

आता दुसरी बाजू, नाहीतर अभिप्राय खोटा होईल. आमच्या काट्यावरच्या तोलाऱ्यानंही त्याच पोराकडून तीच पॉलिसी घेतली होती, हप्ता माझ्यापेक्षा लहान. जून 2009 मध्ये तो छातीत कळ येऊन गेला. वय 44. फंडात त्याचे जेमतेम वीस हजार असतील. कंपनीनं कागद घेतले, दोनदा डॉक्टरचा दाखला मागितला, आणि दीड महिन्यात त्याच्या बायकोच्या खात्यावर अडीच लाख जमा केले. त्या पैशावर तिनं पोरीचं लग्न केलं आणि म्हैस घेतली. साध्या मुदतीच्या विम्यात याहून कमी पैशात याच्या चौपट विमा आला असता, हे मला आज कळतं. पण साधा मुदतीचा विमा विकायला धरणगावात तेव्हा कोणी येत नव्हतं, कारण त्यात विकणाऱ्याला काही सुटत नव्हतं. म्हणून पाच ताऱ्यांपैकी एक तारा मी तोलाऱ्याच्या नावानं देतो. अर्धा वेळेवर येणाऱ्या स्टेटमेंटचा. बाकी रिकामे.

कटती छापलेली होती की नाही? होती. पुस्तिकेच्या शेवटून तिसऱ्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात, इंग्रजीत. त्यामुळं फसवलं असं मी कायद्यानं म्हणू शकत नाही. लेहमनचंही असंच. पुढं न्यायालयानं नेमलेल्या तपासणीसाचा अहवाल मार्च 2010 मध्ये आला, 2,200 पानांचा. त्यात निघालं की तिमाहीचा ताळेबंद करायच्या दिवसापुरते ते 50 अब्ज डॉलरच्या घरातलं कर्ज बाजूला सारायचे आणि आठवड्यात परत घ्यायचे. 'रेपो 105' असं त्याचं नाव. वाचताना मला हसू आलं. बँकेचा माणूस तारण माल मोजायला येणार म्हटलं की रातोरात शेजारच्या गोडावूनमधून गाठी आणून रचणारे आमच्या धंद्यातही पाहिलेत. तिथं माल वाढवून दाखवतात, इथं देणं कमी करून दाखवलं, एवढाच फरक. कापसाचे मूळ संस्कार जात नाहीत.

हाँगकाँगमध्ये लेहमनशी बांधलेले 'मिनीबाँड' बँकांच्या काउंटरवरून विकले गेले होते. घेणाऱ्यांत निवृत्त माणसं पुष्कळ, त्यांना वाटलं बाँड म्हणजे ठेवच. ते रस्त्यावर उतरले, बँकांच्या दारात बसले, आणि जुलै 2009 मध्ये सोळा बँकांनी मुद्दलाचे 60 टक्के, पासष्टीच्या वरच्यांना 70 टक्के द्यायचं कबूल केलं. पैसे विकणाऱ्यानं दिले, हे लक्षात घ्या. आमच्याकडं कोणी दारात बसलं नाही. आम्ही लेहमनला शिव्या दिल्या आणि शेवभाजी खायला गेलो.

सरकार मात्र जागं झालं. शेअर बाजाराच्या नियामक सेबीनं ऑगस्ट 2009 पासून म्युच्युअल फंडाचं प्रवेश शुल्क बंद केलं. विमा नियामकानं 1 सप्टेंबर 2010 पासून या पॉलिसींच्या कटतीवर मर्यादा घातली आणि पैसे अडकून राहण्याची मुदत तीनवरून पाच वर्षं केली. माझा माल त्याआधीचा.

म्हणून भाच्याची पुस्तिका मी नव्यानं वाचली, शेवटून सुरुवात करून. त्याचा माल माझ्यापेक्षा बरा आहे, खोटं कशाला बोलू. कटती कमी, तक्ता मराठीत, परताव्याचे रकाने 4 आणि 8 टक्क्यांचे. पण मागच्या कोऱ्या पानावर पेनानं 15 टक्के लिहिलंय. अक्षर वेगळं, पेन तेच. आणि दुसरं, पगार महिना 24 हजार, हप्ता वर्षाला 60 हजार, विमा फक्त 6 लाखांचा. घरात दोन वर्षांची पोर आहे.

"मामा, आता काय? सही तर झाली."

माझ्या वेळी कागद परत करायला 15 दिवस असायचे आणि ते मला 16 व्या दिवशी कळलं होतं. आता 30 दिवस मिळतात. त्याचे कागद येऊन 19 दिवस झालेत. अर्ज मी मुनिमाच्या अक्षरात लिहून ठेवलाय, दोन प्रतींत. सोमवारी सकाळच्या एसटीनं आम्ही दोघं जळगावला जातोय. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख पडल्याशिवाय काउंटरवरून हलायचं नाही, असं त्याला बजावलंय. ही म्हणाली, मीही येते.